वन्यजीव अॅपची वर्षाची वर्गणी, एका हंगामाच्या वापरानंतर: एकच तारा

हिवाळ्याच्या तोंडावर हे अॅप घेतलं तेव्हा चार तारे देऊन भरभरून लिहिलं होतं. ते पुसत नाही, त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. पण आता एकच तारा ठेवलाय. अॅपचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोक अभयारण्यात, जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या फोनमध्ये आहे ते वाचून ओळखतीलच.

आधी चांगलं. मराठी नावं झकास आहेत. धाविक, चंडोल, भोवत्या, खोकड असं टाकलं की थेट पान उघडतं. नर, मादी आणि पिल्लू यांचे वेगवेगळे फोटो आहेत. माळावर रेंज नसली तरी पानं उघडतात. वर्षाला ९०० रुपये. एवढ्यात नान्नजच्या कितीतरी फेऱ्यांचं पेट्रोल येतं, तरी पहिले दोन महिने पैसे वसूल झाले असंच वाटत होतं.

मग कायद्याचं पान उघडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधीच्या सहा अनुसूचींच्या जागी आता चार आहेत. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या जीवांची. या अॅपात मात्र ससा आणि तित्तर अजूनही जुन्याच 'अनुसूची ४' मध्ये बसलेत. रात्री बॅटरी घेऊन सशामागे फिरणाऱ्या गावातल्या एका पोरानं मला तेच पान उघडून दाखवलं. म्हणाला, "चौथ्या यादीतलाय दादा, चालतंय की." जुन्या चौथ्या यादीतल्या प्राण्यांच्या शिकारीलाही बंदीच होती, पण ते पानावर कुठंच लिहिलेलं नाही. दंडाचे आकडेही जुनेच. आज काळवीट किंवा लांडगा मारला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. पैसे घेऊन माहिती देता, तर निदान कायदा तरी चालू सालचा द्या.

एवढ्यावरच थांबलं असतं तर तीन तारे दिले असते. खरा प्रश्न नकाशाचा आहे.

या अॅपात कुणीही प्राणी पाहिला की नकाशावर नेमकी खूण पडते, अगदी झूम करून बांधापर्यंत जाता येतं. हिवाळ्यात लांडगीण पिल्लं घालते. कुणीतरी ओढ्याच्या काठावरच्या बिळाचा फोटो टाकला आणि खाली कोणत्या वस्तीवरून कसं वळायचं तेही लिहिलं. पुढच्या रविवारी मी त्या बाजूला गेलो तेव्हा तरवडाच्या झुडपांतून चाकांचे ताजे पट्टे गेलेले होते. तीन गाड्या आडव्या लावलेल्या, एकीचं इंजिन चालूच. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीत पंजे उमटले होते आणि त्यांच्यावरूनच बुटांचे ठसे. मेंढरं घेऊन एक धनगर मामा उभे होते. ते म्हणाले, "कालधरनं गाड्या चालू हायत. तिनं रातीतच पिल्लं हलिवली." धोका वाटला की लांडगीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. तीनचार आठवड्यांची पिल्लं अशी उघड्या माळावरून न्यायची म्हणजे वाटेत कुत्री आहेत, रस्ते आहेत. आणि जी खूण फोटोवाल्याला दिसते तीच फास लावणाऱ्यालाही दिसते. त्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायच्या दुसऱ्या अॅपवर, हे कसं केलंय ते पाहा. ते फुकट आहे. धोक्यातल्या प्रजातीची नोंद टाकली की तिथे नेमकी जागा आपोआप झाकली जाते आणि ०.२ अंशाच्या चौकोनात कुठंतरी खूण दिसते. चौकोनाची एक बाजू साधारण २२ किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते नान्नज एवढी. बाकी प्राण्यांसाठी आपण स्वतः 'अस्पष्ट' निवडू शकतो. बिळं आणि घरटी यांच्या बाबतीत मी ते न चुकता करतो. नान्नजच्या ज्या अभयारण्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आलं, ज्या माळढोक पक्ष्यासाठी ते १९७९ मध्ये झालं तो २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे आणि त्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तिथे जागा लपवणं ही अॅपची पहिली सोय असायला हवी. पैसे घेणाऱ्या अॅपात ती नाहीच.

कस्टमर केअरला लिहिलं. पहिलं उत्तर आपोआप आलेलं. दुसऱ्यात स्क्रीनशॉट मागितला, तो दिला. तिसऱ्यात म्हणाले, "वापरकर्त्यांना ताजी ठिकाणं हवी असतात." मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं नकाशावरची ती एक खूण काढली. फोटो आणि त्याखालचं वळण-वळण सांगणारं वर्णन आजही तसंच आहे. पैसे परत मागितले तर सात दिवसांची मुदत संपली म्हणे. लांडगीण सात दिवसांत विते काय?

सध्या माझं काम असं चालतं: आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन, तेही फुकट आणि रेंजशिवाय चालणारं. पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्यांसाठी ईबर्ड, तिथेही मराठी नावं लावता येतात. बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर. फास, जाळं किंवा तारेत करंट सोडलेला दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, तिथे जागा नेमकी सांगा, नकाशावर टाकू नका.

ज्यांनी हे अॅप आधीच घेतलंय त्यांनी वर्गणीचं आपोआप नूतनीकरण बंद करा. ते अॅपमध्ये होत नाही, फोनच्या प्ले स्टोअरमध्ये 'सदस्यत्वे' या पानावर जाऊन करावं लागतं. आणि टाकलेल्या जुन्या फोटोंखालची रस्त्यांची वर्णनं खोडायची राहिली असतील तर तीही त्याच बैठकीत खोडा. स्वतःच्या नोंदीपुरतं बदलण्याचं बटण अजून चालू आहे.