झुलती तबकडी की जोडदिवे?
कॅलिफोर्नियात १९०९ च्या सुमारास अल्बर्ट हंट या अभियंत्याने घडवलेला ‘विगवॅग’ म्हणजे रेल्वे क्रॉसिंगवर कंदील हलवणाऱ्या पहारेकऱ्याची यांत्रिक नक्कलच: दोन विद्युतचुंबक आळीपाळीने ओढत असल्याने, मध्यभागी तांबडा दिवा असलेली तबकडी लंबकासारखी झुलते आणि हेलकाव्यागणिक घंटेचा ठोका पडतो. दिसायला हाच देखणा, यात वाद नाही. पण त्याचे सुटे भाग आता जुन्या सिग्नलांतूनच काढावे लागतात. अमेरिकेच्या ग्रामीण रस्त्यांवर त्याच्या जागी आलेल्या, आलटून-पालटून लुकलुकणाऱ्या जोडदिव्यांना हलणारा भागच नाही. सोबत आडवा दांडा असेल, तर वीजपुरवठा पूर्ण तुटल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली येऊन रस्ता अडवतो; तबकडी मात्र अशा वेळी नुसती लोंबकळते, आणि वाहनचालक ‘गाडी नाही’ असे समजून पुढे निघतो.