जुन्या घरात वॉटर सॉफ्टनर: नऊ महिने वापरल्यावर

घर ३५ वर्षांचं. आतली सगळी लाइन अर्धा आणि पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची, पाणी बोअरचं, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला ४८० मिलिग्रॅम. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याला २०० चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे पाणी नियमात बसतं, पण गिझरची कॉइल खातं. यंत्र २५ लिटर रेझिनचं (हे दाणे क्षार धरून पाणी मऊ करतात, भरले की मीठपाण्याने धुवायचे, तेच रिजनरेशन), हाताने फिरवायच्या मल्टिपोर्ट (पाण्याची वाट बदलणाऱ्या) व्हॉल्व्हचं.

आधी जागेबद्दल, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. सॉफ्टनर गच्चीवरच्या टाकीच्या खाली बसवू नका. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं. बंगल्याच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला अर्धा किलोही नसतं. मीठपाणी ओढणाऱ्या इजेक्टरला दीड-दोन किलो लागतात. प्रेशर नसलं की मिठाची बादली भरलेली तशीच राहते, रेझिन धुतलंच जात नाही, आणि आठवड्याने 'यंत्र बेकार' म्हणून ओरड होते. प्रेशर पंप लावून तोड निघते खरी, पण गंजलेल्या जीआय लाइनला तो सोसत नाही, भिंतीतून ओल येते. म्हणून क्रम असा ठेवा: खालची टाकी, पंप, गाळाचा फिल्टर, सॉफ्टनर, मग गच्चीवरची टाकी. शेजारी तीन कॉकचा बायपास (सॉफ्टनर वगळून पाणी नेणारी वाट) हवाच. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरली तर ते पाणी रेझिनमधून जाऊ देऊ नका, क्लोरीनने दाणे फुटतात.

पंप तासाला दोन हजार लिटर फेकत असेल तर कॉक आवळून हजारावर आणा. त्याहून जोरात पाणी रेझिनमधून नुसतं पळून जातं, मऊ व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

आता हिशेब. रिजनरेशनला ४ किलो मीठ घातलं तर एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं, म्हणजे २५ लिटरला १,२५० ग्रॅम. ४८० च्या पाण्याला हे सुमारे २,६०० लिटर पुरतं. आंघोळ, वॉशिंग मशीन, भांडी मिळून रोज ५०० लिटर धरलं तर पाच दिवस. महिन्याला २५ किलोची एक गोणी. विक्रेता 'आठवड्यातून एकदा करा' म्हणतो, तो अंदाज झाला. लाइनवर साधा पाण्याचा मीटर लावा आणि थेंबांचं हार्डनेस किट घरात ठेवा.

रिजनरेशन: दहा मिनिटं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), मग ४० लिटर पाण्यात विरघळवलेलं ४ किलो मीठ अर्ध्या तासात हळू ओढू द्यायचं, मग हळू धुणं, शेवटी जोरात धुणं. किटचा रंग लगेच निळा झाला की थांबा. एका खेपेला २५० लिटरच्या आसपास पाणी जातं. बॅकवॉशचं पाणी फ्लशला चालतं. मीठपाणी मात्र गटारातच सोडा, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात किंवा बागेत नको. मातीचं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्याचा गाळ इजेक्टरच्या बारीक भोकात बसतो. धुतलेलं मीठ किंवा मिठाच्या वड्या घ्या.

आता घरात काय फरक पडला. साबणाला फेस येतो, कपड्याची पावडर निम्मी लागते, अंग बुळबुळीत वाटतं (साबण राहिलेला नसतो, सवय होते). काचेवर पांढरे ठिपके अजून पडतात, कारण टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) कमी होत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं इतकंच. पण ते ओल्या फडक्याने निघतात, पूर्वी खरवडावे लागत. गिझरची कॉइल आठ महिन्यांनी उघडली तर वर फक्त पातळ भुकटी होती.

जुन्या पाइपांचं मात्र नीट समजून घ्या. सॉफ्टनर नवा थर थांबवतो, आत बसलेला काढत नाही. गिझरच्या गरम बाजूचा पहिला एल्बो (वळणाचा जोड) कापला तर अर्ध्या इंचाच्या पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट होती, भोवती पांढऱ्या-तांबूस वर्तुळांचा दगड. पाणी तापलं की कॅल्शियम तिथेच खाली बसतं. असा तुकडा साफ होत नाही, बदलावाच लागतो. गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) करा आणि जीआयला जोडताना पितळी आट्यांचा अडॅप्टर घ्या. प्लॅस्टिकचे आटे गरम-थंड होऊन वर्षात गळतात. पहिले दोन महिने सुटलेली खपली नळाच्या जाळीत आणि शॉवरमध्ये अडकते, दर आठवड्याला जाळ्या काढून धुवा. सफेदा-सुतळीचे जुने जोडही पाझरू लागतात: आतल्या क्षारानेच ते बंद राहिलेले असतात.

गिझर आधी एकदा साफ करूनच सॉफ्टनर सुरू करा. एमसीबी पाडा, पाणी काढा, मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) बाहेर काढा (लिंबूसत्त्व त्यालाही खातं). लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या टाकीला ७५० ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून तीन-चार तास ठेवा, वीज न लावता. तीनदा धुवा, गॅस्केट नवं घाला. संडासाचं अ‍ॅसिड अजिबात नको, ते जस्त आणि पितळ दोन्ही खातं. ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो. सॉफ्टनरनंतर अ‍ॅनोड लवकर झिजतो, म्हणून दर सहा महिन्यांनी बघा. थर्मोस्टॅट ५०-५५ वर पुरतो.

या पाण्यात लिटरला सुमारे २२० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. मीठ वर्ज्य असलेल्यांना ते थेट प्यायला देऊ नका, आरओमधून द्या. झाडांना तर देऊच नका, काळी माती त्याने चिकट आणि घट्ट होते. त्यासाठी बायपासच्या आधीच बोअरच्या पाण्याचा एक नळ काढून घ्या.

मे महिन्यात बोअरची पातळी उतरली तेव्हा किटने ५६० दाखवलं. त्या हिशेबाने रिजनरेशन २,२०० लिटरवर आणलं, आणि पाऊस मुरल्यावर मोजून पुन्हा २,६०० वर.