जुनी फोर-बाय-फोर, तळातली घरघर आणि हाताने फिरवायचे हब

“ट्रान्सफर केस उतरवावी लागेल. बेअरिंग, चेन, जे निघेल ते बदलायची तयारी ठेवा.” सर्व्हिसवाल्यांनी हे सांगितलं तेव्हा गाडी लिफ्टवर चढलीसुद्धा नव्हती. (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा.) नुसता आवाज ऐकून निदान, आणि तेही सगळ्यात महागडं. माझा राग अजून गेलेला नाही. गाडी जुनी आहे म्हणून मालकाने सांगतील तो खर्च निमूट करायचा का?

बाकी गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंजिन दणकट, सस्पेन्शन कडक, एसी कामापुरता. फोर-व्हील पार्ट-टाइम, म्हणजे कोरड्या डांबरावर टू हायच (जोर फक्त मागच्या चाकांना). पुढच्या चाकांचे हब (चाक पुढच्या शाफ्टला जोडणारे मधले भाग) हाताने लॉक करावे लागतात. चिखलात उतरून ते फिरवत बसणं ही कटकट आहे असं माझं मत होतं, म्हणून ते लॉकच ठेवलेले असायचे. ते मत आता पार बदललंय, आणि ते या आवाजामुळेच.

मध्यम वेगाला तळातून घर्रघर्र यायची, ॲक्सिलरेटर सोडला की जास्तच. मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल केलं, आरपीएम खाली आले, आवाज तसाच. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. वळणावर वजन एका बाजूला गेलं तरी सूर बदलला नाही, त्यामुळे व्हील बेअरिंगवरचा संशय कमी झाला. टायर पुढचे मागे केले, तरी तेच. शिवाय थरथर चाकाच्या फेऱ्यांपेक्षा बरीच जलद होती. प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे नुसत्या लयीवरूनही पुष्कळ कळतं.

मग उतरलो, दोन्ही हब फ्री केले आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने निघालो. आवाज गायब! हब फ्री असले की टू हायमध्ये पुढचे हाफ शाफ्ट (चाकांपर्यंत जाणारे दांडे), डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) आणि प्रोपेलर शाफ्ट थांबतात. लॉक असले की चाकं त्यांना उगाच फिरवत राहतात. मागचा अख्खा ॲक्सल एका फटक्यात निर्दोष ठरला, तोही पाना हातात न घेता.

पुढे फ्लॅन्जवर (जोडाच्या चकतीवर) रंगाच्या खुणा करून पुढचा शाफ्ट काढला, कारण तो होता तस्साच परत बसायला हवा. हब लॉक करून फिरलो, शांत. म्हणजे डिफरन्शिअलही सुटलं. मग शाफ्टशिवायच फोर हाय (चारही चाकांना जोर) टाकला, जेणेकरून ट्रान्सफर केसची पुढची बाजू इंजिनच्या जोरावर फिरेल. तरीही शांत. जिचं बिल फाडायला सर्व्हिसवाले निघाले होते ती केस ठणठणीत निघाली. (शाफ्ट थेट केसमध्ये घुसणारा असेल तर हे करू नका, ऑइल बाहेर येतं.)

उरला तो शाफ्ट. केसकडचा डबल जॉइंट (दोन क्रॉस म्हणजे अधिकच्या आकाराचे तुकडे आणि मध्ये एक बॉल असलेला वाकणारा सांधा) हाताने वाकवला तर बरोबर मध्यावर खाचेत अडकल्यासारखा व्हायचा. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस, कोरडी भुकटी होती. आतल्या सुया (सुईसारखी बारीक बेअरिंगं) ग्रीसविना घासल्या की हीच दिसते. मधल्या बॉलचं निपल (ग्रीस भरायचं तोंड) इतकं आत असतं की साध्या ग्रीस गनचं तोंड तिथे पोचत नाही, सुईसारखं नोझल लागतं. माझ्या प्रत्येक बिलावर ‘ग्रीसिंग’ लिहिलेलं आहे. ते नेमकं कुठे केलंत, असं मी जाऊन विचारलं. उत्तर मिळालं नाही.

क्रॉस आणि बॉल बदलून काही महिने झाले, घरघर परतलेली नाही. गाडी जागेवरून निघताना मागून हलकासा ‘खट्’ येतो. मागच्या शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत सरकणाऱ्या खाचांमध्ये) ग्रीस भरल्यावर तो कमी झाला, गेला नाही. मागच्या डिफरन्शिअलच्या ऑइल प्लगच्या चुंबकावर नुसती मऊ राखाडी पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते. त्यामुळे क्राउन-पिनियनला (डिफरन्शिअलच्या मुख्य गिअरांना) मी इतक्यात कोणालाही हात लावू देणार नाही.

जुनी पार्ट-टाइम फोर-बाय-फोर बघायला जाणार असाल, तर हाताचे हब असलेलीच आधी बघा. आणि सौदा ठरवण्यापूर्वी एकदा हब फ्री, एकदा लॉक करून चालवा, विकणाऱ्याला कितीही घाई असली तरी.