ग्राफिक्स कार्ड पाण्यावर: वर्षभर वापरल्यावर काय वाटतं

माझं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड पाण्यावर घेऊन, म्हणजे पंख्यांच्या हवेऐवजी फिरत्या पाण्यानं थंड करायला लागून, वर्ष उलटलं. काम बहुतांश ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं. त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये लावलेले ॲनिमेशनचे रेंडर रात्रभर चालतात, त्यामुळे कार्ड तासन्‌तास पूर्ण लोडवर असतं. गेम अधूनमधून. वॉटर कूलिंगवरचे बरेचसे अभिप्राय बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेले असतात, आणि तेव्हा सगळंच छान असतं. खरे फरक नंतर कळतात, म्हणून आत्ता लिहितोय.

सर्वात आधी एक आग्रहानं सांगतो, फक्त कोरचं, म्हणजे जीपीयू या मुख्य चिपचं, टेम्परेचर बघून निर्णय घेऊ नका. हवेवर असताना माझा कोर ७५ अंशांच्या आसपास असायचा आणि त्यात काळजीचं काही नव्हतं. काळजी होती मेमरीची. ३०९० मध्ये जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीच्या २४ चिप आहेत, १२ पुढून आणि १२ पाठीमागून. पुढच्या चिपना मुख्य हीटसिंक मिळतो, मागच्यांना फक्त बॅकप्लेटचा पत्रा. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरी जंक्शनची (मेमरी चिपच्या आतल्या टेम्परेचरची) ओळ बघितली की रेंडर सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर आकडा १०० ओलांडायचा आणि १०४-१०६ ला स्थिरावायचा. ११० ला ही मेमरी स्वतःला वाचवायला वेग कमी करते. म्हणजे कोर निवांत दिसत असताना कार्डाचा दुसरा भाग कडेलोटाच्या जवळ उभा असतो. पंखे मेमरीसाठीही जोर लावतात, म्हणून आवाजही तिथूनच येतो.

पाण्याचा विचार करण्याआधी अंडरव्होल्ट करून, म्हणजे कोरचं व्होल्टेज कमी करून, बघितलं. तुम्हीही आधी तेच करा, त्याला पैसे लागत नाहीत. ३५० वॉटचं कार्ड ३०० च्या खाली आलं, रेंडरच्या वेळेत फरक अगदी किरकोळ पडला, कोर चांगला सात-आठ अंशांनी उतरला. मेमरी मात्र फार हलली नाही, कारण कोरचं व्होल्टेज कमी केल्यानं मेमरीची स्वतःची उष्णता कमी होत नाही. तिथे ठरलं, की जे काही बसवायचं ते मेमरीपर्यंत पोचलं पाहिजे.

या एका कसोटीवर बाजारातले पर्याय लावून बघितले की चित्र फार लवकर स्पष्ट होतं. पहिला पर्याय म्हणजे सीपीयूचा एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर एकत्र जोडून येणारा तयार वॉटर कूलर) ब्रॅकेट लावून कार्डावर बसवणं. दुसरा, फक्त कोरवर बसणारा युनिव्हर्सल ब्लॉक, म्हणजे आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा. दोन्हींत पाणी फक्त कोरला भेटतं. मेमरी आणि व्हीआरएमसाठी (चिपना वीज पुरवणाऱ्या भागासाठी) चिकटवायचे छोटे हीटसिंक आणि वर एखादा पंखा, एवढंच. कोरचा आकडा झकास येतो, स्क्रीनशॉटही सुंदर दिसतो, आणि मेमरी कधी कधी आधीपेक्षा जास्त तापते, कारण मूळ कूलरचा भला मोठा हीटसिंक तुम्ही काढून टाकलेला असतो. ३०९० सारख्या कार्डाला हे मी कुणालाच सुचवणार नाही. मेमरी थंड राहणाऱ्या, जुन्या जीडीडीआर५ च्या कार्डांना युनिव्हर्सल ब्लॉक अजूनही चांगला आहे, आणि पुढच्या कार्डावरही तो नेता येतो.

हा फरक कारखान्यातून पाण्यासह आलेल्या कार्डांमध्येही दिसतो. २०१४ च्या एएमडीच्या आर९ २९५एक्स२ मध्ये दोन्ही जीपीयूंवर पाणी होतं, पण व्हीआरएमसाठी मधोमध पंखा ठेवावा लागला. पुढच्याच वर्षीच्या फ्युरी एक्समध्ये पाण्याची तांब्याची नळी व्हीआरएमवरून फिरवली आणि तो पंखा गेला. तेव्हा असं पाण्यासह येणारं हायब्रिड कार्ड घेताना रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) २४० मिलिमीटरचा की ३६० चा हे नंतर विचारा, आधी थंड पत्रा कशाकशाला टेकतो ते शोधा.

मी घेतला फुल कव्हर ब्लॉक, आणि सोबत बॅकप्लेटमधूनही पाणी फिरवणारा जोड. असा ब्लॉक कोर, मेमरी, व्हीआरएम सगळ्यांवर एकसंध बसतो. अडचण अशी, की तो एकाच पीसीबीसाठी (कार्डाच्या सर्किट बोर्डासाठी) बनलेला असतो. एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच नावाच्या दोन मॉडेलचे बोर्ड वेगळे असू शकतात, कॅपॅसिटर दोन मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी ब्लॉक टेकत नाही. नावावर जाऊ नका. ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत कार्डाचा पार्ट नंबर जुळवा आणि कूलर उघडल्यावर बोर्डाचा फोटो ताडून बघा.

थर्मल पॅडवर (चिप आणि ब्लॉक यांच्यात उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांवर) जरा थांबतो, कारण अर्धा निकाल तिथे लागतो. पॅड ०.५, १, १.५ मिलिमीटर अशा जाडीत येतात आणि ब्लॉकच्या पुस्तिकेत कुठे कोणती जाडी ते लिहिलेलं असतं. जाड पॅड म्हणजे जास्त चांगला असा समज फार पसरलाय. मेमरीवर गरजेपेक्षा जाड पॅड ठेवला तर ब्लॉक वर उचलला जातो, कोरवर दाब कमी पडतो आणि कोर व हॉटस्पॉट (कोरवरची सर्वात तापलेली जागा) यांच्या टेम्परेचरमधलं अंतर वाढतं. बसवल्यावर पहिली तपासणी हीच करा. माझ्याकडे हे अंतर लोडवर दहा-बारा अंश आहे आणि वर्षभरात वाढलेलं नाही. ते हळूहळू वीसच्या पुढे जायला लागलं तर कोरवरची थर्मल पेस्ट बाजूला सरकतेय असं समजावं. मी पेस्टऐवजी पीटीएम७९५० हा फेज-चेंज पॅड लावला. पहिल्या काही तापण्या-निवण्यांत तो वितळून पसरतो आणि मग जागचा हलत नाही. रात्रभर तापणाऱ्या आणि दिवसा निवणाऱ्या कार्डाला हा गुण फार मोलाचा आहे.

रेडिएटर दोन आहेत, ३६० चा जाड आणि २४० चा बारीक. सीपीयू हवेवरच ठेवला. एकट्या कार्डाला हे जास्त वाटेल, पण आवाज कमी हवा असेल तर क्षेत्रफळाला पर्याय नाही. पाच पंखे ९०० आरपीएमच्या आत फिरतात आणि पाणी खोलीपेक्षा दहा-अकरा अंशांनी वर राहतं. खोली २८ असेल तर पाणी ३९, कोर ५२-५३, मेमरी ७८ च्या घरात. १०५ वरून ७८! माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे हा आकडा. उन्हाळ्यात खोली तापली की सगळे आकडे तेवढेच वर सरकतात.

लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या बंद मार्गात, कशानंतर काय यावं, रेडिएटर आधी की ब्लॉक आधी, यावर लोक उगाच वाद घालतात. साधा हिशेब करा. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल तर ३५० वॉट त्याला एका फेरीत ५ अंशांनी तापवतात. मिनिटाला ३ लिटर असेल तर दोन अंशांहूनही कमी. म्हणजे लूपमधलं पाणी जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. नळ्या जिथून सोप्या जातील तिथून न्या, फक्त टाकी पंपाच्या वर हवी आणि सर्वात खाली एक ड्रेन व्हॉल्व्ह हवा. तो व्हॉल्व्ह बसवताना अनावश्यक वाटतो, पण पाणी बदलायच्या दिवशी त्याच्यासारखा मित्र नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू. लिटरभर पाणी एक अंश तापायला सुमारे ४,२०० जूल लागतात, म्हणून लूपला स्थिर व्हायला वेळ लागतो. माझ्याकडे अर्ध्या तासाच्या आसपास. पाच मिनिटांच्या चाचणीत कोणताही लूप देखणाच दिसणार, त्यामुळे कुणाचे आकडे वाचताना लोड किती वेळ होता ते जरूर बघा.

आणि म्हणूनच पंखे जीपीयूच्या टेम्परेचरवर लावू नका, पाण्याच्या टेम्परेचरवर लावा. कोर एका क्षणात वीस अंश वर-खाली होतो, पंखे त्याच्या मागे धावत राहिले तर आवाज सतत चढ-उतार करत राहतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. टाकीजवळ एक सेन्सर, मदरबोर्डवर त्याची जोडणी, आणि ३२ ते ४२ अंशांमध्ये चढणारा पंख्यांच्या वेगाचा सौम्य कर्व्ह. माझ्या मते संपूर्ण लूपमधली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वस्तू हा सेन्सर आहे. डी५ पंप मी निम्म्याहून कमी वेगावर कायम ठेवलाय, केसला थेट न आवळता रबरावर. पूर्ण वेगानं आकड्यांत जेमतेम एक अंशाचा फरक पडला, आवाज मात्र लगेच जाणवला.

शांततेची एक किंमत आहे. पंखे थांबल्यासारखे झाले की कॉइल व्हाइन (कार्डावरच्या कॉइलच्या कंपनाचा बारीक आवाज) ऐकू येतो. तो आधीही होता, पंख्यांखाली दबलेला. रेंडरमध्ये बारीक कुरकुर असते, मेनूमध्ये शेकडो फ्रेम देणाऱ्या गेममध्ये स्पष्ट चिरका आवाज. फ्रेमरेटला मर्यादा घातली की बराच कमी होतो. पाण्यावर गेल्यावर कार्ड पूर्ण निःशब्द होईल अशी अपेक्षा असेल तर ती आधीच थोडी खाली आणा. खोली थंड राहील असंही समजू नका. ३५० वॉट खोलीतच सोडले जातात, हवेवर असोत की पाण्यावर.

वेगाबद्दल थोडक्यात. एनव्हिडियाचा बूस्ट (क्लॉक आपोआप वर-खाली करणारी सोय) टेम्परेचर वाढलं की क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतो. कार्ड थंड असल्यानं त्यातल्या काही पायऱ्या परत मिळतात. रेंडरमध्ये हा फायदा एक-दोन टक्क्यांच्या आसपास. वेगासाठी पैसे घालायचे असतील तर वरचं कार्ड घ्या.

पाण्याच्या बाबतीत मी मुद्दाम कंटाळवाणा मार्ग निवडला. रंगहीन, गंजरोधक आणि शेवाळरोधक घटक असलेलं तयार कूलंट, काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या, तांब्याचे रेडिएटर, निकेलचा मुलामा दिलेला ब्लॉक. दुधाळ रंगाची कूलंट दिसायला सुरेख असतात, पण त्यांचे तरंगते कण ब्लॉकच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद खाचांमध्ये बसतात. पारदर्शक पीव्हीसी नळ्यांमधून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) झिरपून नळी धुरकट होते. आणि ॲल्युमिनियमचा एकही भाग तांब्याच्या लूपमध्ये नको, दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. स्वस्त संचांमधले रेडिएटर कशाचे आहेत ते नक्की विचारा.

भरण्याआधी लूपमध्ये हवेचा दाब देऊन गेजचा काटा हलत नाही ना ते बघितलं. ही छोटी हातपंपाची वस्तू जोडांखाली कागदी रुमाल ठेवून गळती शोधण्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पहिले काही दिवस बुडबुड्यांचा खळखळाट होता, मग गेला. वर्षभरात टाकीतली पातळी बोटभर उतरली. ती गळती नव्हती, नळ्यांमधून थोडं पाणी उडतंच. नुकतंच कूलंट बदललं तेव्हा बाहेर आलेलं पाणी स्वच्छ होतं आणि खाचांमध्ये काही साठलं नव्हतं. देखभाल एवढीच, शिवाय रेडिएटरवरची धूळ. ती धूळ मात्र महिन्याला झटका, दोन-तीन अंश तिच्यामुळेच चढतात.

कुणी घ्यावं? २०० वॉटच्या आतल्या कार्डाला माझं उत्तर नाही असं आहे, चांगला हवेचा कूलर तिथे पुरतो. ३०९० टीआय आणि ४०९० मध्ये मेमरीच्या २ जीबीच्या १२ चिप पुढच्याच बाजूला आहेत, त्यामुळे पाठीमागच्या मेमरीचा प्रश्न उरत नाही आणि बॅकप्लेटमध्ये पाणी नेण्याची गरज नाही. तिथे पाणी घ्यायचं तर शांततेसाठी, किंवा तीन-साडेतीन स्लॉटचं कार्ड एक-दोन स्लॉटमध्ये बसवून बाजूला दुसरं कार्ड लावण्यासाठी. ५०९० ची मर्यादा ५७५ वॉट आहे, तिथे माझ्याइतके रेडिएटर शांतपणे पुरणार नाहीत. साधं ३०९० वापरून रेंडरिंग किंवा एआय मॉडेल ट्रेनिंग करत असाल आणि मेमरी १०० च्या वर जात असेल, तर फुल कव्हर ब्लॉक आणि मागच्या मेमरीला थंडावा, हे दोन्ही मिळूनच घ्या.

मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि बॅकप्लेट एका डब्यात नाव लिहून ठेवलंय. कार्ड विकताना ते लागतील, कारण ब्लॉकला गिऱ्हाईक मिळणं कठीण. पंप, रेडिएटर, फिटिंग आणि सेन्सर पुढच्या कार्डालाही चालतील.