वरची त्वचा बंद करायला ग्लू की स्टेपल?

ऑपरेशनआधी सर्जनने असं विचारलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न वण किती दिसेल हाच असतो. त्याआधी विचारा, त्या जागी ताण किती पडेल? खरा ताण आतले विरघळणारे टाके पेलतात. ग्लू आणि स्टेपल, म्हणजे धातूच्या पिना, फक्त वरच्या कडा जुळवून धरतात.

दुर्बिणीने पित्ताशय काढताना पाडलेल्या ५ ते १० मिलिमीटरच्या छिद्रांना ग्लूच घ्यावा. हा ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट हे रसायन, ते ओलाव्याने घट्ट होतं. कडा चिमटीत जुळवून पातळ थर देतात, अर्धा मिनिट थांबून पुढचा. एकदम जाड थर दिला तर तो तापून चटका बसतो आणि कडांच्या फटीत उतरला तर जखम भरायला अडथळा होतो. रक्त झिरपत असेल तर नीट चिकटतही नाही. पापुद्रा ५ ते १० दिवसांत आपोआप सुटतो, म्हणजे पिना काढायला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून खेप पडत नाही.

ग्लू बिघडतो तो बहुधा घरी. जखम दिसली की मलम लावायची आपल्याला सवय; पण व्हॅसलिन, अँटिबायोटिक मलम, खोबरेल तेल यांनी तो सैल होतो. सर्जनने परवानगी दिल्यावर अंघोळीचं पाणी वरून गेलेलं चालतं, मात्र चोळायचं नाही, टिपायचं. आजूबाजूला खाज आणि बारीक फोड आले तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, लगेच दाखवा.

डोक्यावर केसांत, पोटाच्या लांब छेदावर किंवा गुडघ्यावर स्टेपल बरे. काम झटपट होतं. पण एकाने चिमट्याने कडा किंचित बाहेर वळवून धराव्या लागतात, आत दुमडल्या तर वण खराब येतो. पू झालाच तर दोन-तीन पिना काढून वाट करून देता येते. स्टेपलची ही सोय मोठी आहे, विशेषतः मधुमेह असलेल्यांसाठी. काढायचे साधारण डोक्यावर ७, पोटावर ७ ते १०, गुडघ्यावर १० ते १४ दिवसांनी. फार उशीर केला तर ठिपक्यांचे डाग राहतात. पिना घरी पकडीने उपटू नका. डॉक्टरांकडचा पिना काढायचा रिमूव्हर पिनेचा मधला भाग दुमडतो, तेव्हा टोकं अलगद वर येतात.

पावसाळ्यात ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत पिना कपड्यात अडकतात आणि ड्रेसिंग घामाने भिजतं. सैल सुती कपडे घाला, ओलं ड्रेसिंग त्याच दिवशी बदलून घ्या.

सिझेरियनला मात्र स्टेपलपेक्षा त्वचेखालून घातलेला विरघळणारा टाका मागा. स्टेपलची जखम जास्त वेळा उसवते.