कॅमेऱ्यात दिसते, कॉम्प्युटरवर नाही: जुन्या डीव्हीडीसाठी तीन वाटा

माळ्यावरच्या खोक्यातून बारशाची किंवा मुंजीची छोटी डीव्हीडी निघते. 2006-07 च्या सुमाराचे काही कॅमेरे थेट ज्या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर शूटिंग करायचे, ती. कॅमेऱ्यात सगळं दिसतं आणि कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क कोरी आहे. बहुतेक वेळा ती 'फायनलाइज' करायची राहून गेलेली असते. चित्र आत असतं, पण कुठे काय आहे याची अनुक्रमणिका लिहिलेली नसते.

आधी कॉम्प्युटरच्या त्याच ड्राइव्हमध्ये सिनेमाची विकतची डीव्हीडी लावून पाहा. तीही चालत नसेल तर दोष ड्राइव्हचा. सीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नाही, असंही होतं. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा, आणि त्यातला एकच थकू शकतो. मग यूएसबीचा डीव्हीडी रायटर घेऊन मोकळे व्हा. विंडोजने डिस्क फॉरमॅट करायला सांगितलं तर मात्र काहीही झालं तरी 'नाही' म्हणा.

सिनेमा चालतो, आपलीच डिस्क चालत नाही? मग निवड करायची आहे.

पहिली वाट म्हणजे कॅमेऱ्यातच फायनलाइज करणं. खर्च शून्य, चित्र मूळ दर्जाचं, नंतर डिस्क बहुतेक कॉम्प्युटरवर चालते. पण हे वाचणं नाही, लिहिणं आहे. डिस्कवरच्या इतक्या वर्षांच्या रंगद्रव्यावर तितकाच म्हातारा लेझर लिहिणार, आणि डीव्हीडी-आर असेल तर लिहिलेलं पुसता येत नाही. मध्येच अडकलं, तर कॅमेराही ती डिस्क ओळखेनासा होऊ शकतो. करायचंच तर बॅटरीवर नको, अडॅप्टर लावून करा.

दुसरी वाट: डिस्क कॅमेऱ्यातच चालवायची, पिवळी-लाल-पांढरी वायर यूएसबी कॅप्चर कार्डाला (कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं छोटं उपकरण) जोडायची आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. अर्ध्या तासाच्या डिस्कला अर्धा तासच लागतो, शिवाय चित्र थोडं मऊ पडतं. फोनवर कळत नाही, मोठ्या टीव्हीवर कळतं. पण डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. पडद्यावरची बॅटरीची खूण आणि आकडे आधी बंद करा, नाहीतर पूर्ण बारशावर तेच दिसत राहतील.

तिसरी वाट आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरची. फायनलाइज न झालेल्या डिस्कवरूनही ते व्हिडिओ शोधून काढू शकतं, मूळ दर्जात. काही कामांना पैसे पडतात, म्हणून आधी फुकटात काय दिसतं ते पाहा. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह वापरून पाहा. एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधीकधी निमूट वाचतो.

कॅमेरा मेला असेल तर तिसरीच वाट. जिवंत असेल तर मी आधी दुसरी घेईन, एक प्रत हाताशी राहावी म्हणून. मग तिसरी, आणि फायनलाइज अगदी शेवटी. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात फायनलाइजच आधी सांगितलेलं असतं. ते बरोबरच होतं, पण तेव्हा डिस्क नवी होती.

आणि ही छोटी डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच, आतल्या लहान खळग्यात ठेवा. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती अडकते, आणि मग लॅपटॉप उघडायची वेळ येते.