कामार्ग की तारिफा? आधी रजा बघा, मग तिकीट काढा

भूमध्य समुद्राकडं पक्षी बघायला जायचं म्हटलं की लोक आधी देश ठरवतात आणि मग रजा टाकतात. माझं म्हणणं उलटं आहे, रजा कधी मिळतेय त्यावर जागा ठरवा.

एप्रिलअखेर ते मे मिळत असेल तर दक्षिण फ्रान्सचं कामार्ग, म्हणजे ऱ्होन नदीचा त्रिभुज प्रदेश. मुक्काम आर्ल गावात, ट्रेन तिथवर जाते. पाँ द गो नावाचं पक्षी उद्यान आहे, तिकीट काढून आत गेलं की मोठे रोहित (फ्लेमिंगो) इतके जवळ असतात की उलट्या चोचीनं चिखल गाळतानाचा चुळचुळ आवाज ऐकू येतो, भिगवणला बोटीतून इतक्या वेळा बघितले पण हे कधी ऐकलं नव्हतं! शेजारीच ला क्रो, दगडगोट्यांचं अफाट माळरान, फ्रान्समध्ये पखुर्ड्या (माळावर राहणारे सँडग्राउज पक्षी) फक्त इथंच सापडतात. आणि अल्पीयच्या डोंगरात गिधाडं, शृंगी घुबड. पाणथळ, माळ, डोंगर सगळं एकाच मुक्कामातून होतं, पहिल्या ट्रिपला याहून सोपं काही नाही. डास मात्र भयंकर, आणि मिस्त्राल वारा सुटला की स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) स्थिर राहत नाही.

रजा सप्टेंबरमध्ये असेल तर मात्र स्पेनचं तारिफा. समोर आफ्रिका, मध्ये फक्त १४ किमी समुद्र. पाण्यावर गरम हवेचे झोत उठत नाहीत, म्हणून हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडं निघालेले गरुड आणि मधुबाज (एक शिकारी पक्षी) जमिनीवरच घिरट्या घेत उंची कमावतात आणि मग पंख ताणून थेट पलीकडं. ऑगस्टमध्ये गेलात तर काळ्या घारी, आपल्या गल्लीतल्याच जातीची घार समुद्र ओलांडताना बघून अंगावर काटा येतो. लेवान्ते, म्हणजे पूर्वेचा वारा जोरात असला की पक्षी थांबून राहतात, म्हणून किमान ५ दिवस ठेवाच. दोन्याना हे पाणथळ राष्ट्रीय उद्यान तिथून गाडीनं काही तासांवर, पण उन्हाळ्यानंतर दलदल सुकलेली असते, ते वसंतातच करा आणि तेही हिवाळ्यात पाऊस चांगला झाला असेल तरच.

ग्रीसचं लेस्व्होस बेट एप्रिलअखेरीस सुंदरच, कलोनीची मिठागरं वगैरे, पण मी ते दुसऱ्या ट्रिपसाठी ठेवेन.

व्हिसा तिन्हीकडं शेंगेनच (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच सामायिक व्हिसा), अर्ज ६ महिने आधी करता येतो, म्हणजे मेमध्ये जायचं असेल तर नोव्हेंबरातच कागद गोळा करायला घ्या.